बळवंतरावांचे पाय

सरावाच्या दिवसांत बळवंतराव रोज सरासरी सात वेळा मरायचे. सोमवारी जरा जास्तच, कारण सोमवारी लांबून आलेली डॉक्टरमंडळी नुकती प्रवासातून उतरलेली असायची. मेल्यावर बळवंतराव दहा मिनिटं निपचित पडून राहत, मग पोटातून घुर्रर्र असा आवाज येई, छाती वरखाली होऊ लागे, आणि पुढच्या डॉक्टरसाठी ते एक नवा आजार घेऊन ताजेतवाने हजर होत. दुपारी चहाच्या सुट्टीत त्यांना चार्जिंगला लावत.

सरकारी कागदावर त्यांचं नाव 'सजीवसदृश देह-अनुकृती संच, क्रमांक चार' असं होतं. पण मिरजेच्या प्रशिक्षण केंद्रात संच आला त्याच दिवशी कुणीतरी स्केचपेननं त्याला झुपकेदार मिशा काढल्या. त्या पुसता पुसेनात. एवढ्या मिशांच्या माणसाला क्रमांक चार म्हणणार कोण? झाले बळवंतराव.

साल २०४१. तीन वर्षांपूर्वी कायदा झाला होता, की अतिदक्षता विभाग चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं दर तीन वर्षांनी उजळणीला यायचं, व्याख्यानं ऐकायची आणि शेवटी एक अख्खा दिवस बळवंतरावांना सांभाळायचं. संध्याकाळी पाच वाजता बळवंतराव श्वास घेत असले आणि शंभरात साठ गुण पडले, तर तुम्ही पास. दोनदा नापास झालात, की तुमच्या विभागाला कुलूप आणि तुमच्या खाटा जिल्ह्याच्या गावी.

डॉ. शरयू मगदूम विट्याहून आल्या होत्या. वय सत्तावन्न, गुडघे त्याहून चार वर्षांनी मोठे. विट्याच्या सरकारी रुग्णालयात सहा खाटांचा अतिदक्षता विभाग त्या बावीस वर्षं चालवत होत्या. केंद्राचे प्रमुख डॉ. यासीन मुजावर हे त्यांचेच विद्यार्थी. ऐन तारुण्यात दोन वर्षं ते विट्याला होते आणि दोन्ही वर्षं शरयूबाईंच्या डब्यातली भाकरी खाऊन मोठे झाले होते.

"मॅडम, तुम्हाला काय परीक्षा," यासीन म्हणाले. "दुपारपर्यंत बळवंतरावच उठून तुम्हाला चहा देतील."

बळवंतराव पावणेतीनला मेले.

"अंगठा गार होता," शरयू म्हणाल्या. त्यांचा हात अजून बळवंतरावांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याभोवती होता. "आकडे सगळे काठावर. रक्तदाब धड चांगला नाही, धड वाईट नाही. पण अंगठा बर्फासारखा. म्हटलं, अंगात रक्त खेळत नाही, म्हणून सलाइन सोडलं."

"आणि छातीत पाणी भरलं," यासीन हळूच म्हणाले. "मॅडम, त्याचा अंगठा नेहमीच गार असतो."

"म्हणजे?"

"गुडघ्याखाली चार बोटांपर्यंतच जिवंत कातडी आहे. पुढं नुसतं रबर."

शरयूंनी त्या गुळगुळीत, बिनरेषांच्या तळव्याकडं पाहिलं. "हे तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय?"

"नाही."

"का नाही?"

यासीन मिशा नसलेल्या ओठावरून हात फिरवत म्हणाले, "कुणी विचारलंच नाही. सहाशे बारा डॉक्टर येऊन गेले, मॅडम. कुणी त्याचा पाय धरला नाही."

ज्या मुलखात लग्नात, बारशात, परीक्षेला जाताना आणि परीक्षेहून येताना दिसेल त्याच्या पाया पडतात, तिथं तीन वर्षांत बळवंतरावांच्या पायांना एकाचाही हात लागू नये! शरयूंना हसू आलं असतं. पण पडद्यावर 'अनुत्तीर्ण, प्रयत्न पहिला' अशी अक्षरं लुकलुकत होती.

बळवंतरावांच्या बाबतीत एक मात्र खरं: ते बावळट बाहुलं नव्हते. जुन्या काळच्या बाहुल्यांना आजार शिकवावे लागत. हा आजार झाला की नाडी इतकी, तो झाला की ताप तितका. बळवंतरावांना कुणी काही शिकवलं नव्हतं. तीन लाख रुग्णांच्या खाटेशेजारच्या यंत्रांनी पंधरा वर्षं सेकंदासेकंदाला टिपलेली नाडी, श्वास, रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या, असं सगळं त्यांच्या मेंदूला वाचायला दिलं होतं. त्यातून शरीर कसं ढासळतं आणि कसं सावरतं हे ते आपलं आपण शिकले. म्हणून ते पुस्तकात नसलेल्या तऱ्हांनीही आजारी पडत, अगदी माणसासारखे. कातडीखाली केसाएवढ्या नळ्यांतून लाल द्रव फिरे आणि उष्णतेच्या तारा त्या त्या जागेला ऊब देत. हातात सुया टोचायच्या, मानेत नळ्या घालायच्या, जांघेतली नाडी बघायची, म्हणून तिथं सगळं जिवंत. पायाशी कुणाचं काही काम नसतं, असं बनवणाऱ्यांना वाटलं.

विट्यात मात्र पायाशीच सगळं काम असे. ते सुरू केलं सुवार्ता सिस्टरनं.

सुवार्ता साळवे. मिरजेत शिकलेल्या, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी रोज सकाळी आठला वॉर्डात हजर. 'घरी बसून काय करू, पोपटाला सलाइन लावू?' असं विचारणाऱ्या. शरयू नव्या होत्या तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "डॉक्टर, घरात जिन्नस कमी पडले की बाई आधी स्वतःच्या ताटातली भाजी कमी करती. पाहुण्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. शरीर पण तसंच. संकट आलं की पायाचं रक्त काढून काळजाला आणि डोक्याला वाढतं. तुमचा पडदा म्हणजे पाहुणा. त्याला ताट भरलेलंच दिसतं. अंगठ्याला विचारा, तो घरचा."

एवढं सांगून त्या थांबल्या नव्हत्या. वॉर्डातल्या सगळ्या चादरी त्यांनी पेठेतल्या शिंप्याकडून वीतभर कापून आणल्या, म्हणजे पाय आपोआप उघडे. मोजे घालायला बंदी. विट्यात जो डॉक्टर शिकला, तो खाटेपाशी आला की आधी अंगठा धरायचा आणि मग नमस्कार म्हणायचा. नातेवाईक कुरकुरत. "आवं डॉक्टरीणबाई, आमच्या मालकांचं पाय उघडं पडल्यात. वाईच मोठं पांघरूण न्हाई व्हय सरकारकडं?" असं आठवड्यातून एकदा तरी कानावर येई.

निरोप घेताना यासीन फाटकापर्यंत आले. "मॅडम, सहा आठवड्यांनी दुसरा प्रयत्न. तक्रार मी वर पाठवतो, पण समिती म्हणेल, पाय बघणं अभ्यासक्रमातच नाही. तुम्ही एक करा. त्या दिवशी पायाकडं जाऊच नका. पडदा बघा, तुम्ही डोळे मिटून पास व्हाल."

"आणि तू? तू बघतोस का रे पाय?"

यासीननी रिक्षाला हात केला. रिक्षा थांबल्यावर म्हणाले, "शेवटचा कधी धरला ते आठवत नाही, मॅडम."

रिक्षात शरयूंना नापास झाल्याचं दुःख एवढं झालं नाही, जेवढं या उत्तराचं झालं. पण सहा खाटा त्यांच्या होत्या. सहा आठवड्यांत सवय मोडायची, एवढंच.

एवढंच म्हणायला सोपं. हात आपोआप अंगठ्याकडं जाई. म्हणून त्यांनी तो कोटाच्या खिशात कोंडला. फेरीला येत, पडदा बघत, कागद बघत, पुढं जात.

"डॉक्टर, हात खिशात कशाला? थंडी वाजतीय का?" पहिल्याच दिवशी सुवार्ता सिस्टरनं विचारलं.

"सराव करतेय, सिस्टर. परीक्षेसाठी."

"कसला, पाकीटमारीचा?"

शरयूंनी सगळं सांगितलं. सिस्टरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "रबराचा माणूस तुम्हाला शिकवणार की पाय बघू नका? बरं. आणि विसरलात, की परत शिकवायला मी किती वर्षं पुरणार?"

शरयू पुढच्या खाटेकडं वळल्या. हात खिशातच राहिला.

तिसऱ्या आठवड्यात चार नंबरच्या खाटेवर शंकरतात्या पवार आले. जुने पैलवान, मानेचा घेर दाराएवढा, छातीत कफ भरला म्हणून दाखल. बायको सत्यभामाकाकू उशाशी. दोन दिवसांत तात्या सुधारले. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा हसऱ्या पोरासारखा होता: रक्तदाब एकशे अठरा, प्राणवायू सत्त्याण्णव. शरयू हसल्या, "तात्या, परवा घरी," आणि खिशातल्या हातासकट पुढं गेल्या.

पाचव्या खाटेपाशी पोचायच्या आत मागून हाक आली. "डॉक्टर. इकडं या."

सुवार्ता सिस्टर पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांच्या मुठीत तात्यांचा अंगठा होता. शरयूंनी हात खिशातून काढला आणि अंगठ्याला लावला. माठाच्या बुडाएवढा गार. नख दाबून सोडलं. लाली परतायला एक, दोन, तीन, चार, पाच आकडे मोजावे लागले.

"घरची बाई उपाशी हाय," सिस्टर म्हणाल्या. एवढंच.

पुढचे दोन तास धावपळ. जुन्या गुडघेदुखीच्या गोळ्यांनी तात्यांच्या पोटात व्रण पडला होता आणि आतल्या आत रक्त झिरपत होतं. पैलवानी शरीर ते कुणाला कळू देत नव्हतं. रक्ताच्या बाटल्या चढल्या, सांगलीहून दुर्बीणवाले डॉक्टर आले, रक्त थांबलं. संध्याकाळी अंगठा कोमट झाला, रात्री जेवणापूर्वी ऊन.

सत्यभामाकाकूंना कुणीतरी सांगितलं होतं, की आजार पायावरून सापडला. त्या शरयूंपाशी येऊन म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, त्या तोकड्या पांघरुणावरनं मी तुम्हाला लई बोल्ले. आता आणिक वीतभर कापा, पर त्यांना सोडू नगा."

शरयू हसल्या. मग औषधाच्या खोलीत गेल्या आणि एक मिनिट कपाटाला डोकं टेकून उभ्या राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी कोट काढून सिस्टरच्या हातात दिला.

"याचे खिसे शिवून टाका."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आणि परीक्षा?"

"ती बघते मी. कशी ते अजून कळलं नाही."

ते कळलं मिरजेला जाताना, गाडीत, तासगावच्या आसपास. समोरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. तो मजेत द्राक्षं खात होता. शरयू त्याच्या गुडघ्याकडं इतका वेळ बघत राहिल्या, की शेवटी त्यानं त्यांच्यापुढं द्राक्षाचा घोस केला.

सकाळी नऊ वाजता बळवंतराव खाटेवर होते. मिशा नव्या पेननं गिरवलेल्या. परीक्षक म्हणजे भिंतीतला एक आवाज, बाईचा, फार शुद्ध. शेजारी यासीन, चेहऱ्यावर शरयूंपेक्षा जास्त घाम.

"रुग्ण बळवंत, वय एकसष्ट," भिंत म्हणाली. "आतड्याला छिद्र पडल्याने शस्त्रक्रिया. आज दुसरा दिवस. डॉक्टर, सुरुवात करा."

"केसपेपर दे, यासीन," शरयू म्हणाल्या. 'पूर्वीच्या शस्त्रक्रिया' या रकान्यात त्यांनी लिहिलं: दोन्ही पाय गुडघ्याखाली चार बोटांवर कापलेले.

यासीननी वाचलं. बळवंतरावांच्या पायांकडं पाहिलं. "मॅडम, पाय तर आहेत की! दिसतायत!"

"दिसतात. नाहीत. ज्या पायात रक्त फिरत नाही त्याला मी पाय म्हणत नाही. रबराला पाय समजून मागे एकदा माझा पेशंट गेलाय."

भिंत टिंग अशी वाजली. मग म्हणाली, "पूर्वीची शस्त्रक्रिया: नोंद घेतली."

यासीन खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडं वळले. त्यांचे खांदे हलत होते.

आता बळवंतरावांच्या देहात शरयूंच्या मते खोटं काही उरलं नव्हतं. जिवंत अंग जिथं संपतं तिथं, म्हणजे गुडघ्यावर, शरयूंनी तळहात ठेवला. दर वीस मिनिटांनी ठेवत राहिल्या. दहा, साडेदहा, अकरा. ऊब ठीक. पडदा ठीक.

अकरा चाळीसला पडदा अजूनही ठीकच होता. रक्तदाब एकशे बारा. गुडघा मात्र गार लागला. त्यांनी चादर वर केली. गुडघ्याच्या वाटीवर जांभळट जाळी उमटत होती, जुन्या काचेला बारीक तडे जावेत तशी.

"यासीन, हात आण."

"मॅडम, मला परीक्षेत हात लावता..."

"रक्ताचं लॅक्टेट मागवा," त्या भिंतीला म्हणाल्या. मग यासीनना, "प्राणवायू कमी पडला की स्नायू रक्तात आम्ल सोडतात, हे तुला मीच शिकवलंय. आता सलाइन, थोडं थोडं, पाव बाटली. आणि सर्जनना बोलवा. आतला टाका सुटलाय असं वाटतंय."

"डॉक्टर, उपचाराचं कारण सांगा," भिंत म्हणाली.

"गुडघा."

"हे कारण यादीत नाही."

"मग यादीत घाला, बाई. मी थांबते, पण तो थांबणार नाही."

आठ मिनिटांनी लॅक्टेट आलं: दुपटीहून जास्त. पाव बाटली गेली की त्या गुडघा बघत, छाती ऐकत, मग पुढची पाव. पूर्वीसारखं एकदम ओतलं नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे गुडघ्यानं हाक मारल्यावर पंचवीस मिनिटांनी, पडद्यावरचा रक्तदाब पहिल्यांदा घसरला. पण तोवर सगळी तयारी झाली होती. घसरला, अडखळला, सावरला.

आणि मग यासीन, केंद्रप्रमुख, बाह्या सारून पुढं आले. नियम काय म्हणतो ते बाजूला ठेवून त्यांनी बळवंतरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला. जाळी फिकी होत होती. हाताखाली ऊब परत येत होती, हळूहळू, चुलीजवळच्या भिंतीला येते तशी.

"याला माहीत होतं," ते कुजबुजले. "मॅडम, पडद्याला माहीत नव्हतं, पण बळवंतरावांना माहीत होतं. कुणी शिकवलं नाही तरी."

"तीन लाख माणसं आहेत त्याच्या आत. त्यांचं अंग खोटं बोलत नाही. ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच."

पाच वाजता बळवंतराव व्यवस्थित श्वास घेत होते. गुण अठ्ठ्याहत्तर. खाली शेरा: 'उपचारांचे कारण यादीत नाही, वजा नऊ.'

"नऊ गुण गुडघ्यात गेले," शरयू म्हणाल्या, आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. "चहा मिळेल का? बळवंतरावांना जमत नसेल तर तू आण."

चहाबरोबर यासीननी एक कागदही आणला. त्यांनी जुन्या परीक्षा उघडून बघितल्या होत्या. तीन वर्षांत सलाइन जास्त झाल्यामुळे नापास झालेले डॉक्टर चार. शरयूबाई सोडून उरलेले तिघं आता गावोगाव होते, पण शिकलेले सगळे विट्याचे.

"कुणी पाय धरला नाही म्हणालो होतो, तेही खोटं. चौघांनीही अंगठा धरला आणि त्यावर विश्वास ठेवला, आम्हीच बघितलं नाही," ते म्हणाले. "आम्ही समजत होतो, विट्याचं शिक्षण कच्चं आहे. अहवालात तसं लिहिणारही होतो. मीच." त्यांनी कप खाली ठेवला. "चुकलो, मॅडम."

"मग आता दुसरा अहवाल लिही. आणि बिस्किटं कुठायत?"

त्यांनी लिहिला. अंगठ्यावरून नापास झालेल्या तिघांचे निकाल बदलले. बनवणाऱ्यांकडून आधी उत्तर आलं, की पायात नळ्या घालणं अवघड आहे. मग तीन अभियंते विट्याला आले आणि सुवार्ता सिस्टरनं दिवसभर त्यांना खाटेखाटेवर अंगठे धरायला लावले. संध्याकाळी त्यांतला एक म्हणाला, की फार अवघड नाही.

आठ महिन्यांनी मिरजेत बळवंतरावांना पाय बसवले. नखं, रेषा, टाचेच्या भेगांसकट. उजव्या अंगठ्याला कुणीतरी हौसेनं कुरूपही केलं होतं. अभ्यासक्रमात नवा पहिला तास आला आणि तो घ्यायला सुवार्ता सिस्टरना बोलावलं. त्या पांढरी साडी नेसून आल्या, माइक नको म्हणाल्या, आणि पिशवीतून एक घडी काढून बळवंतरावांवर पसरली. विट्याची चादर होती ती, वीतभर कापलेली. पाय बाहेर.

चाळीस डॉक्टर रांगेनं आले. एकेक करून अंगठा धरला. कुणी लाजत, कुणी हसत. एक तरुण डॉक्टरीण धरून तशीच उभी राहिली. "सिस्टर, गरम आहे," ती म्हणाली, जणू बातमीच आणली होती.

"असणारच. आज सण हाय त्याचा," सिस्टर म्हणाल्या. "गार झाला की मला सांग."

तास संपला तेव्हा शरयू पुढं आल्या. या मुलखातल्या माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच त्यांनी केलं. दुखऱ्या गुडघ्यांना सांभाळत त्या सिस्टरच्या पायांकडं वाकल्या.

सिस्टर झटकन मागं सरल्या. "माझे काय धरताय, डॉक्टर? माझे ठणठणीत आहेत." त्यांनी खाटेकडं बोट केलं. "त्याचे बघा. पोटात घुर्रर्र झालंय मघाशी. नवा आजार घेऊन आलाय बहुतेक."

शरयू वाकलेल्याच वळल्या आणि बळवंतरावांचा अंगठा मुठीत घेतला.